दोन खांबांमधली जागा

माझे बाबा तेहतीस वर्षे एका वकिलांकडे टंकलेखक होते आणि त्या वकिलांच्या चेंबरमध्ये ओतीव लोखंडाचा अर्धा खांब होता. उरलेला अर्धा शेजारच्या गाळ्यात होता. मधे प्लायवुडचे पार्टिशन होते आणि ज्या सुताराने ते घातले, त्याने खांबाची गोलाई चुकवण्याची खटपट न करता ते सरळ खांबाच्या मध्यावर आणून टेकवले होते. आमच्या बाजूने खांबाला हिरवा ऑइलपेंट होता आणि पलीकडे, जहाजी मालाच्या विम्याचे दावे पाहणाऱ्या गृहस्थांच्या बाजूने, फिकट पिवळा. लोखंडात खिळा ठोकता येत नाही, म्हणून बाबांनी पार्टिशनच्या फटीतून सुतळी ओवून ती खांबाभोवती घट्ट बांधली होती आणि तिला कालनिर्णय टांगले होते. त्याच सुतळीला पलीकडून विमेवाले आपली छत्री अडकवीत. पावसाळ्यात त्यांनी छत्री काढली की आमचे कालनिर्णय हलत असे.

ही इमारत म्हणजे मुंबईत काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन. बाबा आणि त्यांच्या ओळखीतले सगळे तिला नुसते ‘मॅन्शन’ म्हणत. एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून ग्रंथालय, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि मॅन्शन अशा चार वास्तू महात्मा गांधी रस्त्याच्या एकाच बाजूला उभ्या आहेत. त्यांतल्या पहिल्या तीन दगडाच्या असल्याने त्यांच्याकडे पाहताच त्यांचे वय कळते. मॅन्शनचे कळत नसे. तिच्या सज्जांच्या रांगा, पत्रे, लाकडी तावदाने आणि वाळत घातलेले कपडे यांमागे काय दडले आहे हे मलाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागली की कामाचा रेटा कमी होई आणि बाबा मला डोंबिवलीहून सोबत नेत. मी जुन्या ब्रीफांवरची धूळ झटकायची, लाल फिती पुन्हा नीट बांधायची आणि कंटाळा आला की खांबाला कान लावून बसायची. वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवले किंवा शेजारी टाइपरायटर चालू झाला, तर त्याचा आवाज हवेतून यायच्या आधीच खांबातून आल्यासारखा वाटे.

या खांबाची गोष्ट मला कॉलेजात असताना कळली. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाकाठी, म्हणजे एस्प्लनेडवर, बांधकामासाठी जमिनी निघाल्या आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसात आलेला पैसा त्या जमिनींकडे धावला. जॉन हडसन वॉटसन हे कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या मनात प्रथम होते ते आपल्या व्यापाराला शोभेल असे मोठे दुकान आणि त्यावर कचेऱ्या व राहण्याच्या खोल्या. पुढे तो विचार बदलला आणि हॉटेल करायचे ठरले. मला या तपशिलाचे फार मोल वाटते, कारण या इमारतीचा उपयोग तिचा पाया घालण्यापूर्वीच एकदा बदलून झाला होता.

तसा तो बदलणे शक्य झाले ते लोखंडामुळे. आराखडा होता रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकाच्या अजस्र छताच्या कामात त्यांचा वाटा होता आणि टेम्स नदीवरचा अल्बर्ट पूलही त्यांचाच. मॅन्शनचे ओतीव भाग इंग्लंडमध्ये डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत तयार झाले, जहाजाने मुंबईला आले आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जुळवले गेले. नुसता सांगाडा उभा राहिला तेव्हा त्याला प्रचंड पिंजऱ्याची उपमा दिली गेली होती. दगडी इमारतीत भिंत हीच भार घेते, त्यामुळे खोल्या कुठे असाव्यात हे बांधतानाच कायमचे ठरून जाते आणि पुढे भिंत काढायची म्हटली तर वरचा मजला खाली येण्याची धास्ती असते. येथे सारा भार खांब आणि तुळया यांच्यावर आहे. विटा केवळ ऊन-पाऊस अडवण्यासाठी भरलेल्या आहेत आणि आतल्या भिंतींवर तर कसलाच भार नाही. दोन खांबांमधल्या जागेत दिवाणखाना करा, दुकान करा, शयनगृह करा किंवा प्लायवुड घालून चार गाळे पाडा, सांगाड्याची कशालाच हरकत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या इमारतीचे पुढचे सगळे बरेवाईट या एका गोष्टीतून निघाले.

१८७१ मध्ये येथे वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल सुरू झाले. पाच मजले, १३० खोल्या, तळमजल्यावर उपाहारगृह, मधल्या उंच चौकात नृत्याचे दालन आणि पाहुण्यांच्या दिमतीला थेट इंग्लंडहून आणलेल्या सेविका, असा त्याचा थाट होता. या वैभवाची वर्णने अनेकांनी केली आहेत, त्यामुळे मी ती पुन्हा करत नाही. १८९६ या एका वर्षाजवळ मात्र मला थांबावेसे वाटते, कारण त्या वर्षी येथे दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्ही मी बाबांना त्याच हिरव्या खांबाशेजारी बसून सांगितल्या होत्या.

पहिली गोष्ट जानेवारीतली. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन पत्नी आणि मुलीसह येथे उतरले होते. सज्जाच्या कठड्यावर बसून आपले कपडे, केस आणि वर्ण यांविषयी बिनदिक्कत चर्चा करणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांविषयी त्यांनी लिहिले आहे आणि ते पुष्कळांना आठवते. त्याच मुक्कामातला दुसरा प्रसंग कमी सांगितला जातो. खोलीची व्यवस्था लावताना एका धिप्पाड जर्मन गृहस्थाने, काही एक कारण न सांगता, एका हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली आणि त्या नोकराने ती मुकाट्याने सोसली. ते पाहून ट्वेन यांना पन्नास वर्षांपूर्वीचे आपले बालपण आठवले. गुलामांना असेच मारले जाई त्या अमेरिकेच्या दक्षिणेतले घर आठवले आणि एका क्षणात आपण अर्धी पृथ्वी ओलांडून तेथे पोहोचलो असे त्यांनी नमूद करून ठेवले. मी हे सांगितले तेव्हा बाबांनी टंकलेखन थांबवले. त्या नोकराचे नाव दिले आहे का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. त्यांनी मान हलवली आणि कागद पुढच्या ओळीवर सरकवला.

दुसरी गोष्ट ७ जुलै १८९६ ची. चलचित्राचे यंत्र तयार करणाऱ्या फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिये ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबले आणि त्यांनी या हॉटेलात हिंदुस्थानातला पहिला चित्रपटाचा खेळ केला. तिकीट एक रुपया होते. सहा लघुचित्रे दाखवण्यात आली. स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान आणि एक भिंत पाडण्याचे दृश्य ही त्यांतलीच. ‘एक रुपया म्हणजे आपल्यातला कुणी गेला नसणार,’ असे बाबा म्हणाले. पण ल्युमिएरांचे ते खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मराठी छायाचित्रकार होते. त्यांनी पुढे स्वतःसाठी परदेशातून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली आणि १९०१ च्या अखेरीस गणितज्ञ रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रीकरण केले. हे ऐकून बाबा पार खूश झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ही माहिती आपल्या वकीलसाहेबांना, विमेवाल्यांना आणि चहावाल्या मुलालाही सांगितली.

जमशेटजी टाटा यांना या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधले, ही कथा मुंबईत प्रत्येक जण सांगतो. अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका घेतली आहे आणि मला तिच्यात फारसा रस नाही. डिसेंबर १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले आणि समुद्राकाठच्या त्या नव्या वास्तूपुढे वॉटसन्स मागे पडले, इतके खरे. पुढे हॉटेल बंद झाले, मालक बदलले, काही काळ इमारतीचे नाव महेंद्र मॅन्शन झाले आणि मग एस्प्लनेड मॅन्शन. खोल्यांची घरे आणि कचेऱ्या झाल्या. मधला चौक, जेथे वाद्यवृंद वाजत असे, हवा-उजेडाची विहीर होऊन राहिला.

आमच्या घरी या इमारतीचे वय मोजायचे तर ते येथून मोजले जाई. दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीने मुंबईत माणसांचा लोंढा आणला आणि १९४७ मध्ये भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. त्याचे पूर्ण नाव मुंबई भाडे, हॉटेल आणि निवासगृह दर नियंत्रण अधिनियम. पूर्वी हॉटेल असलेल्या या वास्तूत बसून त्याच कायद्याखालच्या दाव्यांची कैफियत बाबांनी किती वेळा टंकित केली असेल याची मोजदाद नाही. कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले आणि ते दशकानुदशके जवळपास तेथेच राहिले. भाडेकरूला कुणी उठवू शकत नव्हते, जागेचा हक्क पगडी देऊन हातोहात फिरत होता आणि मालकाला मिळणाऱ्या भाड्यातून जिन्याची एक पायरी बदलणेही जड जावे अशी स्थिती आली. यात कुणा एकाला दोषी धरणे मला पटत नाही. त्या कायद्याने आमच्यासारख्या माणसांना शहराच्या मध्यावर पाय ठेवायला जागा दिली, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याच कायद्याखाली लोखंडाला वर्षानुवर्षे नीट रंगाचा हात मिळाला नाही, हेही मी पाहिले आहे.

मागच्या बाजूला जुन्या सचिवालयाच्या इमारतीत शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे आणि उच्च न्यायालयही पायी जाण्याच्या अंतरावर आहे. वकिलांना याहून सोयीची जागा मिळणे शक्य नव्हते. सकाळी दहाच्या सुमारास जिन्यावर काळ्या कोटांची आणि बगलेत फायली घेतलेल्या कारकुनांची रीघ लागे. जिन्याच्या तोंडाशी पाट्यांची अशी दाटी होती की नव्या वकिलाला आपली पाटी लावण्यासाठी जुन्या पाटीवाल्याचे मन वळवावे लागे. खाली स्टेशनरीची दुकाने, झेरॉक्सची यंत्रे आणि टेबल टाकून बसलेले नोटरी. वर, ज्या खोल्यांत एके काळी आगबोटीने आलेले साहेब उतरत, तेथे दोन-दोन पिढ्यांचे संसार. अकराच्या सुमारास प्रतिज्ञापत्राचा मसुदा टंकित होत असताना वरून लसणीच्या फोडणीचा वास येई आणि बाबा म्हणत, ‘दुसऱ्या मजल्यावर आज वांगे आहे.’

छत उंच होते, म्हणून बहुतेक गाळ्यांत पोटमाळे काढलेले होते. आमच्या चेंबरमध्ये खाली साहेब आणि अशील, पोटमाळ्यावर बाबा, ज्युनियर वकील आणि निकाली निघालेल्या दाव्यांची गाठोडी. पोटमाळ्यावर ताठ उभे राहता येत नसे. तेथे खांबाचा वरचा भाग डोळ्यांच्या अगदी समोर येई. खालून कधीच न दिसणारी पानांची ओतीव नक्षी, रंगाच्या थरांखाली बुजत गेलेली. माझ्या आठवणीतला मॅन्शनचा सर्वांत सुंदर भाग तोच आहे आणि तो पाहण्यासाठी वाकून बसावे लागत असे. हॉटेलच्या काळातल्या कुणा पाहुण्याने ती पाने इतक्या जवळून पाहिली नसतील.

सुमारे दीडशे भाडेकरू आणि प्रत्येकाची आपापली गरज. कुणी सज्जा आत घेतला, कुणी मोरी बांधली, कुणी एसी बसवला, कुणी पाण्याची टाकी चढवली. सांगाड्याने सगळे सोसले. पण ओतीव लोखंडाचा स्वभाव असा की ते दाब उत्तम सोसते आणि ताण सोसत नाही. पोलादासारखे ते आधी वाकून सूचना देत नाही, ठिसूळ असल्याने एकदम तडकते. भिंतीतून बाहेर झेपावलेले सज्जे हे ताणाचेच काम. तेथे मोऱ्यांचे पाणी झिरपले, सांध्यांत गंज फुगला, भेगांत पिंपळ रुजला. जुलै २००५ मध्ये सज्जाचा एक भाग कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. त्याच्या काही दिवस आधीच जुन्या वास्तू जपण्याचे काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर स्थळांच्या यादीत या इमारतीचे नाव घातले होते. २०१८ मध्ये पुन्हा एक भाग खाली आला. बाबा तोवर निवृत्त झाले होते, तरी वर्तमानपत्रातले छायाचित्र त्यांनी भिंग घेऊन पाहिले आणि कोणत्या गाळ्यासमोरचा सज्जा पडला ते अचूक सांगितले.

३० जून २०१८ रोजी मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि त्यात ही इमारतही आहे. त्यानंतर वर्षभराच्या आत, मे २०१९ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ती रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली होती. वारसा जतनाचे काम करणाऱ्यांनी ती वाचवता येईल असे म्हटले. मी अभियंता नाही. ज्या सज्जाने एक जीव घेतला, त्याच्याखालून रोज जाणाऱ्या माणसाला भावनेच्या भरात काही सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ओतीव लोखंडाचे भाग एकेक करून उतरवता, पुन्हा ओतता आणि पुन्हा जुळवता येतात, मुळात ती अशीच पेट्यांतून आली होती, हे मनातून जात नाही. ती वाचावी असे मला अगदी मनापासून वाटते.

साहेब आता नाहीत. त्यांच्या ज्युनियरने, जे आता स्वतः ज्येष्ठ वकील आहेत, चेंबर खाली केले तेव्हा बाबांनी येण्याचा हट्ट धरला. त्यांना वर जाऊ देणे शक्य नव्हते. मी त्यांना समोरच्या पदपथावर खुर्चीत बसवले. टेम्पोत गाठोडी येत होती, कपाटे येत होती, पोटमाळ्याच्या फळ्या येत होत्या. दुपारी उन्हात एक कामगार ते प्लायवुडचे पार्टिशन डोक्यावर घेऊन खाली उतरला. त्याच्या एका कडेला खांबाच्या आकाराचा हलका बाक पडला होता, एका बाजूने हिरव्या आणि दुसऱ्या बाजूने पिवळ्या रंगाचे ओघळ लागलेला. तो तुकडा भंगारात गेला. मागून घ्यावा हे आम्हाला सुचले नाही आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

वास्तू वाचवण्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात तिला पुन्हा मूळ रूप द्यावे असा सूर असतो. मूळ रूप म्हणजे हॉटेल. मोठ्या खोल्या, मोकळे सज्जे, चौकातले नृत्याचे दालन. सांगाड्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल, कारण नंतर चढवलेला भार उतरल्याशिवाय तो टिकणार नाही. मात्र या इमारतीत साहेबलोकांचा मुक्काम जितका झाला, त्याहून कितीतरी अधिक काळ येथे दावे लिहिले गेले, भांडी घासली गेली, मुलांचे अभ्यास झाले. हॉटेलच्या काळाची छायाचित्रे आहेत, पाहुण्यांनी लिहिलेली वर्णने आहेत, ऑर्डिश यांचे नाव आहे. पार्टिशनच्या काळाचा एकही नकाशा माझ्या पाहण्यात आलेला नाही. कोणत्या दोन खांबांमध्ये कोण राहत होते, कुणाची मोरी कुठे होती, कोणता बोळ पुढे बंद होत असे, हे ज्यांना पाठ आहे ती माणसे आता बाबांच्या वयाची आहेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये काळा घोडा कला महोत्सवाच्या गर्दीत मी एकटीच तेथे गेले होते. रस्त्यापलीकडून मजले मोजले, मग खिडक्या मोजल्या आणि दोनदा चुकले. आतून जी जागा मी डोळे मिटून चालू शकले असते, ती मला बाहेरून ओळखता येईना. घरी येऊन मी बाबांना विचारले. त्यांनी टेबलाच्या खणातून लीगल आकाराचा पाठकोरा कागद काढला, पट्टी मागितली आणि आधी सगळे खांब टिंबांनी मांडून घेतले. खांबांमधले अंतर बिनचूक सारखे होते. मग जिना. मग आमचे चेंबर, विमेवाले, समोरचे नोटरी आणि त्यांच्यापलीकडे शिंपीकाम करणारे कुटुंब. प्रत्येक पार्टिशन त्यांनी बारीक दुहेरी रेघेने काढले. भिंत आणि प्लायवुड यांत फरक दिसलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

तेव्हापासून रविवारी सकाळी हे काम चालते. बाबांची त्र्याऐंशी वर्षे झाली आहेत आणि हात कापतो, म्हणून आता रेघ मी ओढते आणि ते सांगतात. त्यांचा मजला पूर्ण झाला आहे. वरच्या मजल्यावरच्या तीन गाळ्यांविषयी त्यांना खात्री नव्हती, तेव्हा त्यांनी विमेवाल्यांच्या मुलाचा फोन नंबर शोधून काढला. गेल्या रविवारी तो आमच्याकडे आला होता. त्याने कागदावर आपली जागा शोधली, खांबाच्या टिंबावर बोट ठेवले आणि बाबांना विचारले, ‘काका, ती सुतळी तुमची होती की आमची?’